काठीला न लागलेला पक

हेझलडीनच्या रिंकमध्ये पाऊल टाकलं की आधी वास भेटतो. तळलेल्या कांद्याचा, ओल्या लोकरीचा, रबरी चटयांचा, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी बर्फाचा. बर्फाला वास नसतो असं म्हणणाऱ्याने रिंक पाहिलेलीच नसते. ब्रेट डॅनिलुक सतरा वर्षं मुलखामुलखांत बर्फावरची हॉकी खेळला, कुठल्या कुठल्या गावांच्या बर्फावर घाम गाळला, पण डोळे बांधून आणून सोडलं असतं तरी हा वास त्याने ओळखला असता. शनिवारी दुपारी एक वाजता तो दार ढकलून आत आला, वास नाकात भरला, आणि त्याला वाटलं, असंच मागच्या पावली निघून जावं.

बाहेर उणे एकतीस अंश. आत दारासमोर काचेचं कपाट. कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या मखमलीचा तुकडा आणि मखमलीवर एक पक. तळहातात मावेल एवढी काळी रबरी चकती, कडेभोवती पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर काळ्या शाईत लिहिलेलं: ब्रेट डॅनिलुक, पहिला गोल, आणि तारीख. वरच्या लीगमध्ये खेळाडूने पहिला गोल केला की सोबती जाळीतून तो पक काढून आणतात, संघाचा सामानवाला त्याला पट्टी गुंडाळतो, आणि पक घरी जातो. कुणाच्या घरी तो आईच्या ओट्यावर बसतो, कुणाच्या बापाच्या टेबलावर. ब्रेटचा पक गावाच्या कपाटात बसला होता. त्याच्या बापाने, मायरनने, तो स्वतः तिथे ठेवला होता, आणि कपाटाची किल्ली गेली सतरा वर्षं बापाच्याच जुडग्यात होती.

मायरन डॅनिलुक या रिंकचा बर्फवाला. अडतीस हिवाळे त्याने इथला बर्फ घातला. बर्फाच्या गाडीवर बसून गोल गोल फिरायचं, जुना खरवडायचा, गरम पाण्याचा पातळ थर सोडायचा, आणि मागे आरशासारखी वाट ठेवत जायचं. वय त्र्याहत्तर. गुडघे बोलत होते, पण गाडी दुसऱ्या कुणाला देत नव्हता. लहानपणी ब्रेटचं काम ठरलेलं: गाडी बाहेर पडताना दारात बर्फाचा चुरा सांडतो, तो फावड्याने काढायचा. नाहीतर खेळाडूंचे पाय अडकतात. हातात फावडं, पायात दोन मापं मोठे बूट, नाक गळतंय, असा तो त्या दारात वाढला.

आज त्याच दाराच्या वर एक फळा टांगला होता आणि फळ्यावर चादर टाकली होती. चादरीखाली काय आहे ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. डॅनिलुक रिंक. दोन वाजता चादर ओढायची, मग बर्फाची गाडी फिरवायची, मग शेजारच्या गावाशी सामना. ब्रेटने खेळ सोडला आणि तो घरी आला, त्याचा हा सोहळा.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात बापाने त्याच्यापुढे पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, ताटली सरकवली होती, वर साय, कडेला परतलेला कांदा. आई गेल्यापासून मायरनला एवढंच करता यायचं, तेही रिंकची खानावळ चालवणाऱ्या जॉइस मावशीने गोठवून दिलेल्या पिशवीतून. ब्रेटने पहिला घास घेतला तेव्हा बाप म्हणाला, तुझ्यासाठी एक गंमत केली आहे. मग गंमत पोटात राहवेना म्हणून लगेच सांगूनही टाकली. नोंदीच्या कागदावर त्या गोलाला ज्याचा पास लिहिला आहे ना, तो क्लेम लाफोंद, त्याला शोधून काढलं. वर सरोवराकाठी राहतो. सरकारी रस्त्यांवरचा बर्फ सारतो. फोन केला, ये म्हणालो. येतोय.

"तो येतो म्हणाला?" ब्रेटने विचारलं.

"आधी गप्पच होता. मग म्हणाला, तुम्ही बोलावताय तर येतो. चांगला माणूस दिसतो. पास देणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही बघ. मी म्हटलं, आपण घेऊ."

ब्रेटच्या तोंडातला घास तिथेच राहिला. पिरोगी गरम होती. त्याला ती थुंकवेना आणि गिळवेना.

कारण तो पास नव्हता.

सतरा वर्षांपूर्वी, पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात, वरच्या लीगमधला त्याचा तिसरा सामना चालू होता. वरती अठरा हजार माणसं. लाफोंदला पक मिळाला निळ्या रेषेवर, लांब, आणि त्याने तो मारला. ब्रेट गोलरक्षकाच्या तोंडासमोर उभा होता, बापाने शिकवलं तसा, काठी खाली टेकवून, पाठीवर दोन जणांचे कोपरे खात. पक त्याच्या काठीपासून बोटभर अंतरावरून गेला. वारा लागला त्याला. लाकडाला कंप आला नाही, मनगटाला कळ आली नाही. पक जाळीत, भोंगा वाजला, दिवा पेटला, आणि वरून कर्ण्यातून नाव पुकारलं गेलं ते ब्रेट डॅनिलुकचं. सोबती त्याच्या अंगावर पडले. कुणीतरी पक काढून आणला. हे सगळं त्याने केलं नव्हतं. तोपर्यंत तो निर्दोष होता.

सामना संपल्यावर नोंद ठेवणारा माणूस कपडे बदलायच्या खोलीच्या दारात आला. जाळीत जाण्याआधी पक शेवटचा ज्याच्या काठीला लागतो, गोल त्याचा धरतात, आणि आधी मारणाऱ्याचा तो नुसता पास ठरतो. चित्रफितीत नीट दिसत नाही, म्हणाला. हातात पेन. "डॅनिलुक, लागला होता का तुला?"

हा प्रश्न त्या खेळात पोर सात वर्षांचं असल्यापासून ऐकतं आणि त्याचं उत्तर एकच असतं. लागला असेल तर हो. नसेल तर नाही, तो त्याचा आहे. ज्याने मारला तो कधी मागायला जात नाही. सोबत्याकडून आपला गोल मागून घेणं हा नीचपणा मानतात. न लागलेल्यानेच सांगायचं असतं. ब्रेट नऊ वर्षांचा असताना याच रिंकमध्ये असाच सोबत्याचा एक गोल त्याच्या नावावर चढला होता. मायरनने त्याला स्केटसकट परत बर्फावर उभं केलं होतं. "जा. नोंदीच्या टेबलापर्यंत जा आणि सांग तो रँडीचा आहे." पूर्ण बर्फ ओलांडून तो रडत गेला होता, सांगून आला होता, आणि घरी येताना बापाने त्याला गरम चॉकलेट पाजलं होतं.

त्या दिवशी खोलीत लाफोंद दोन जागा सोडून बसला होता. स्केटची नाडी सोडत होता. खाली वाकलेला, मान वर नाही, पण हात थांबले होते. ब्रेटच्या मांडीवर फोन थरथरत होता, पडद्यावर बाबा. हेझलडीनमध्ये रिंकच्या खानावळीत सगळं गाव रेडिओभोवती गोळा झालं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"लागला," तो म्हणाला. "किंचित."

पेन चाललं. लाफोंदचे हात पुन्हा नाडी सोडायला लागले.

एवढाच तो गुन्हा. एक शब्द, आणि मागे जोडलेला आणखी एक, पहिल्याहून वाईट. किंचित.

त्यानंतर वरच्या लीगमध्ये त्याला आणखी एकच सामना मिळाला. मग खाली पाठवलं ते कायमचं. पण तो गोल खाली गेला नाही. तो गोल त्याच्या पुढे पुढे चालू लागला, वरातीपुढे बँड चालावा तसा. टेक्सासमधलं एक गाव, बाहेर रस्ता वितळतोय आणि आत रिंकमध्ये धुकं. तिथे कर्ण्यातून पुकारायचे, वरच्या लीगमध्ये गोल केलेला डॅनिलुक. मग न्यूफाउंडलंड, मग ओहायो, चौदा चौदा तासांचे बसप्रवास, आसनाखाली झोपायचं, उशीला कोपरपट्टी. मग समुद्र ओलांडून स्लोवाकियातलं एक खोऱ्यातलं गाव, ढोल वाजवणारे लोक, मेंढीच्या चीझमधले बटाट्याचे गोळे. मग नॉर्वे, जिथे सूर्य जेवायलासुद्धा थांबत नाही. कझाकस्तानमधलं खाणींचं गाव, जिथे आईच्या जाण्याची बातमी त्याला सरावाच्या मधोमध कळली आणि विमान चौथ्या दिवशी मिळालं. मग इटलीच्या डोंगरातलं खेडं, रिंकमागे गाई. शेवटी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, छप्पर गळणारी रिंक, आणि गुडघ्यात पाणी झालेला एक्केचाळीस वर्षांचा ब्रेट. भाषा बदलल्या, झेंडे बदलले, शर्टावरचा आकडा बदलला. वाक्य तेच राहिलं. करार करून देणाऱ्या दलालाच्या कागदावर पहिलीच ओळ: वरची लीग, चार सामने, एक गोल.

त्या ओळीवर तो जेवला. हे त्याला स्लोवाकियात कळलं, आणि कळल्यानंतर आणखी अकरा वर्षं तो जेवतच राहिला. तिथल्या संघाच्या माणसाने मोसमाच्या शेवटी दारूचा ग्लास पुढे करत हसत हसत सांगितलं होतं की परदेशी खेळाडूची एकच जागा उरली होती आणि टेबलावर दोन कागद होते. दुसराही तुमच्याच बाजूचा होता, लाफोंद की काय. अकरा सामने, गोल शून्य. आम्ही म्हटलं, गोलवाला घ्या.

त्या मोसमानंतर लाफोंदचं नाव कुठल्याच यादीत दिसलं नाही. ब्रेट याद्या बघत असे. नॉर्वेत असताना त्याने एकदा नंबर मिळवून फोन लावला होता. दोन वेळा वाजला आणि त्याने ठेवून दिला. मनाशी म्हणाला, तिकडे आता वेळ काय असेल.

*

दीड वाजता लाफोंद आला. रस्तेवाल्यांचं नारिंगी जाकीट, भुवयांवर हिम, दाढी पांढरी झालेली. पाच तास गाडी चालवून आला होता आणि त्याने हातमोजे काढायच्या आधी मायरनने त्याचा हात धरलासुद्धा. म्हातारा त्याला हलवून हलवून म्हणत होता, किती उंच आहेस, फोटोत दिसला नाहीस एवढा. जॉइस मावशीने खानावळीच्या खिडकीतून बर्गर पुढे केला आणि म्हणाली, पैसे काढशील तर हात तोडीन. जॉइस मावशी चाळीस वर्षं त्या खिडकीत होती आणि प्रेम ती असंच वाढायची.

ब्रेट चार पावलांवर उभा होता. लाफोंदने त्याच्याकडे बघून मान हलवली. "डॅनी."

"लाफी," ब्रेट म्हणाला. सतरा वर्षांत ते नाव त्याने मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

मग मायरनने लाफोंदला कपाटाकडे नेलं. जुडग्यातली किल्ली शोधली, कुलपाशी जरा झटापट झाली, काच सरकली. म्हाताऱ्याने पक उचलला आणि दोन्ही हातांनी, पहिलटकरणीचं बाळ द्यावं तसा, लाफोंदच्या तळव्यावर ठेवला.

"धर. तुझा पास आहे हा."

लाफोंदने तो धरला. उलटा केला, सुलटा केला. पट्टीवरचं नाव वाचलं. अंगठा कडेवरून फिरवला, एका जागी थोडासा खड्डा होता तिथे थांबवला. आपण मारलेला पक त्याने सतरा वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला होता. ब्रेटला वाटलं, आत्ता बोलेल. आत्ता. त्याला खरं तर तेच हवं होतं, की दुसऱ्या कुणीतरी बोलावं. हेही त्याच क्षणी त्याला कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

"छान जपलाय तुम्ही," लाफोंद म्हणाला आणि पक परत दिला.

मायरन बर्फाच्या गाडीत गरम पाणी भरायला गेला तेव्हा ब्रेटने लाफोंदला कोपऱ्यात गाठलं, स्केटला धार लावायच्या यंत्रापाशी. म्हणाला, मी आज सांगणार आहे. सगळ्यांसमोर. ठरवलंय.

लाफोंदने बर्गर चावला, सावकाश गिळला.

"कुणासमोर? या म्हाताऱ्यासमोर? त्याच्या बर्फावर उभा राहून, त्याच्या आडनावाखाली?"

"मग काय करू?"

"इतकी वर्षं जे केलंस ते. गप्प बस." त्याने बोटं कागदाला पुसली. "तुझ्यासाठी आलो नाही मी, डॅनी. फोनवर तो माणूस इतका खुशीत होता की नाही म्हणवेना. त्याला आजचा दिवस मिळू दे. ओझं तुझं आहे, ते त्याच्या डोक्यावर टाकून तू मोकळा होऊ नकोस."

ब्रेट स्वतःचं ओझं हलकं करायला निघाला होता, यात खोटं काय होतं. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती आणि प्रत्येक वाक्यात शेवटी त्यालाच बरं वाटत होतं.

*

दोन वाजता बर्फावर लाल गालिचा अंथरला. फळ्यांच्या बाकांवर दोनशे माणसं, मांडीवर घोंगड्या, हातात कॉफी. शेजारच्या गावचे लोक पलीकडच्या बाजूला, थोडे कुरकुरत, कारण सामना लांबला होता. समितीचे अध्यक्ष ऑर्व्हिल, ज्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, चादरीची दोरी हातात धरून दाराखाली उभे. लहानशा टेबलावर पक. मायरन दारात, आपल्या गाडीला टेकून, डोक्यावर रिंकची जुनी टोपी.

ऑर्व्हिल बोलले. जॉइस मावशीला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं तरी तीही खिडकीतून बोलली, की हा पोरगा माझ्याकडे उधारीवर फ्रेंच फ्राइज खायचा आणि मोठ्या लीगमध्ये गेला तरी उधारी तशीच. लोक हसले. मग ध्वनिक्षेपक लाफोंदच्या हाती गेला.

त्याने तो जरा लांबच धरला. "मी बोलणारा माणूस नाही. मी निळ्या रेषेवर होतो, मी पक पुढे दिला. हा गोलसमोर मार खात उभा होता, याने तो आत ढकलला. एवढंच झालं." थांबला. मायरनकडे पाहिलं. "तिथे उभं राहायला तुम्ही शिकवलंत, असं हा सांगायचा. चांगलं शिकवलंत."

टाळ्या झाल्या. मायरनने टोपी काढली, पुन्हा घातली, बाहीने नाक पुसलं. आणि ब्रेटला जे कपडे बदलायच्या खोलीत सतरा वर्षांपूर्वी दिसलं नव्हतं ते आता लख्ख दिसलं. एक खोटं होतं तोवर ते त्याचं एकट्याचं होतं. आता त्यासाठी एक खरा माणूस पाच तास गाडी चालवून येऊन, दोनशे माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने खोटं बोलला होता. आपला गोल स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा देऊन टाकला होता. गप्प बसलो तर हेही खाल्लं. बोललो तर लाफोंद खोटा ठरतो, बाप उघडा पडतो. कुठूनही चांगलं होण्याची वाट उरली नव्हती. उरला होता फक्त तो एक शब्द, जो नऊ वर्षांच्या पोराला सांगता आला होता.

ध्वनिक्षेपक त्याच्या हातात आला. जुळवलेली वाक्यं कुठेच नव्हती.

"लाफी खोटं बोलला," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही. बाबांसाठी."

लोक हसायच्या बेतात होते. थट्टा असेल.

"तो पास नव्हता. त्याने गोल मारला. माझ्या काठीला पक लागलाच नाही. मला विचारलं होतं, लागला का. मी लागला म्हणालो." त्याने श्वास घेतला. "त्या गोलावर मला सतरा वर्षं कामं मिळाली. त्यातलं एक तरी याचं होतं. ते मला माहीत होतं."

बर्फ थंड ठेवणारं यंत्र भिंतीमागे घुमत होतं, आणि खानावळीत तेल चरचरत होतं कारण जॉइस मावशी कांदा उलटायचा विसरली होती. पलीकडच्या बाकांवरून शेजारच्या गावचा एक म्हातारा शेजाऱ्याला विचारता झाला, तर मग ते नोंदीच्या पुस्तकात दुरुस्त नाही केलं कुणी? हळू विचारलं होतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मायरन दारातून निघाला. गालिच्यावरून न येता बर्फावरून आला, त्याला बर्फावर बुटांनी चालायची सवय होती. ब्रेटच्या समोरून तो गेला, ब्रेटकडे बघितलं नाही. टेबलावरचा पक उचलला आणि लाफोंदपुढे उभा राहिला. टोपी काढली. पांढरे विरळ केस त्या गारठ्यात उघडे, आणि म्हातारा एका अनोळखी माणसापुढे डोकं खाली घालून उभा. ब्रेटला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील तेव्हा लाज वाटेल. ती खरी लाज नव्हती. खरी लाज ही होती.

"फोनवर सांगायचंस रे मला," मायरन म्हणाला.

"तुम्ही फार खुशीत होता," लाफोंद म्हणाला.

म्हाताऱ्याने नखाने पट्टीचं टोक उचललं. सतरा वर्षांचा डिंक, सहज सुटेना. तो सोलत राहिला, दोनशे माणसं बघत राहिली, शेवटी पट्टी निघाली आणि त्याने ती चुरगळून स्वतःच्या खिशात घातली. उघडा काळा पक लाफोंदच्या हातात दिला आणि टोपी घालून परत फिरला.

दाराखाली ऑर्व्हिल अजून दोरी धरून उभे होते. त्यांना बिचाऱ्यांना काही सुचत नव्हतं. "मायरन," त्यांनी विचारलं, "ओढू की नको?"

"आधी बर्फ," मायरन म्हणाला, आणि गाडीवर चढला.

*

गालिचा गुंडाळला गेला. गाडी बर्फावर उतरली, कडेकडेने निघाली. मागे ओली काळसर वाट चकाकत होती आणि वाफा निघत होत्या. लाफोंद आणि ब्रेट कठड्याला टेकून उभे होते, मध्ये हातभर जागा. लोक कॉफी आणायला उठले होते. त्यांच्याजवळून जाताना आवाज खाली करत होते.

लाफोंद पक खिशात घालत नव्हता. तळव्यावर उचलून बघत होता, वजन करावं तसा.

"माझी म्हातारी आई रेडिओ ऐकत होती त्या दिवशी," तो म्हणाला. "तिने तुझं नाव ऐकलं. मी फोन केला तेव्हा सांगितलं तिला, तो माझा होता. ती म्हणाली, मग तू बोलू नकोस, तो पोरगा सांगेल. त्याला माहीत आहे ना, मग तो सांगेल." गाडी त्यांच्यासमोरून गेली, त्याने ती जाऊ दिली. "पहिली दोन वर्षं विचारायची. सांगितलं का त्याने? मग विचारायची नाही. तीन वर्षं झाली तिला जाऊन."

ब्रेटने कठडा धरला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"माफी मागू नकोस," लाफोंद म्हणाला. "मला आज तरी देता येणार नाही. आणि मला खोटारडा ठरवलंस सगळ्या गावापुढे, ते वेगळंच." बोलता बोलता त्याच्या दाढीत काहीतरी हललं, हसू असेल किंवा नसेल. त्याने पक जाकिटाच्या आतल्या खिशात घातला, चेन वर ओढली. "पण सांगितलंस. तिला एवढं सांगेन जाताना. वाटेतच आहे तिचं थडगं."

मग तो खानावळीच्या खिडकीकडे गेला, तिथे जॉइस मावशी त्याच्यासाठी दुसरा बर्गर घेऊन उभी होती आणि डोळे पुसायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता.

मायरनने शेवटचा फेरा मारला. बर्फ आता आरसा झाला होता, छताचे दिवे त्यात उलटे लटकत होते. गाडी दाराशी आली, चाकं उंबरठ्यावरून चढली, आणि नेहमीसारखाच दारात चुऱ्याचा ढीग सांडला. हल्ली तिथे फावडं घेऊन एक शाळकरी पोरगा उभा असायचा, तो आज कॉफीच्या रांगेत अडकला होता, नाहीतर कुणी त्याला मुद्दाम थांबवलं होतं. मायरनने गाडी थांबवली, पण यंत्र बंद केलं नाही. खाली वाकून भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि दांड्याकडून पुढे केलं. ब्रेटकडे.

अजून तो त्याच्याकडे बघत नव्हता. बर्फाकडे बघत होता.

"दारातलं काढ," म्हणाला. "पोरांचे पाय अडकतील."

ब्रेट दारात गेला. वर चादर तशीच होती, तिचं एक टोक सुटून त्याच्या डोक्यावर हलत होतं. त्याने दांडा धरला. लाकूड गुळगुळीत झालं होतं, पण खालच्या बाजूची ती फट अजून होती, ज्यात त्याचा अंगठा लहानपणी चिमटायचा. तो वाकला. गुडघा कळवळला. पहिलं फावडं घातलं तेव्हा घासल्याचा आवाज सगळ्या रिंकभर गेला, आणि बाकांवरची बोलणी पुन्हा थांबली.

त्याने मान वर केली नाही. चुरा उचलायचा, कडेला टाकायचा, उचलायचा, टाकायचा. कान जळत होते, मान जळत होती. मागे गाडीचं यंत्र धडधडत होतं. बाप वर बसून होता. दार साफ होईपर्यंत तो गाडी पुढे काढणार नव्हता.